धडा वाचला, पण कळला का?

मुखेड तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचं चौथीतलं पोर धडा खडाखडा वाचतं. 'काय झालं धड्यात?' विचारलं की गप्प. लक्ष नव्हतं, असं म्हणून आपण मोकळे होतो. ते बरोबर नाही.

वाचताना मेंदू दोन कामं करतो: अक्षरं जुळवून शब्द ओळखणं आणि शब्दांतून अर्थ उभा करणं. 1986 मध्ये गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी मांडलं की, समज म्हणजे या दोन्हींचा गुणाकार. एक शून्य, तर उत्तर शून्य.

तात्पुरती स्मृती लहानशा ओट्यासारखी, तिथं मोजकंच मावतं. जोडाक्षरांशी झटणाऱ्याचा ओटा तेवढ्यातच भरतो. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटते. सरावानं ही अडचण सुटते.

तांड्यावरच्या पोराची अडचण वेगळी. घरात गोरमाटी ही बंजारा बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. 'मोट रिकामी झाली तसे बैल मागे सरले' हे वाक्य तर लातुरातल्या मराठी घरच्या पोरालाही अडवेल. त्याच्या शेतात बोअर आहे. बैलांकरवी विहिरीतलं पाणी उपसणारी मोट त्यानं पाहिलेलीच नाही. बैल मागे का सरले, हे वाक्य सांगत नाही. ती मोट पुन्हा विहिरीत सोडण्यासाठी, हे वाचणाऱ्यानंच भरून घ्यायचं असतं. धड्याआधी मोटेचं चित्र दाखवून पाच मिनिटं गप्पा माराव्यात, गोरमाटीतूनसुद्धा. दहा वेळा मोठ्यानं वाचून घेण्यापेक्षा मला त्या गप्पा मोलाच्या वाटतात.