एका विषयाची संकेतस्थळे: जोडउत्पन्न, विक्री आणि जोखीम

एकाच अरुंद विषयाला वाहिलेले पन्नास-शंभर लेखांचे छोटे संकेतस्थळ उभारायचे, शोधयंत्रातून तेथे येणाऱ्या वाचकांच्या बळावर जाहिरातींचे किंवा दलालीचे उत्पन्न मिळवायचे आणि योग्य भाव आला की ते चालत्या दुकानासारखे दुसऱ्याला विकून टाकायचे, हा व्यवसाय गेल्या दोन दशकांत प्रथम अमेरिकेत आणि नंतर भारतासह अनेक देशांत रुजला. या क्षेत्रातील लोक अशा संकेतस्थळाला ‘नीश साइट’ म्हणतात. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव आणि होस्टिंग म्हणजे त्याची पाने साठवणारी भाड्याची जागा, एवढाच अटळ खर्च वर्षाकाठी काही हजार रुपयांचा असतो. पाने मांडण्यासाठी लागणारी वर्डप्रेस ही प्रणाली विनामूल्य मिळते. त्यामुळे नोकरी सांभाळून करता येण्याजोग्या जोडधंद्यांत या व्यवसायाची गणना होऊ लागली. मात्र एकदा मेहनत केली की पुढे काही न करता पैसा येत राहतो, असा जो प्रचार या धंद्याविषयी होतो, तो त्याच्या प्रत्यक्ष रचनेशी जुळत नाही.

उत्पन्नाचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला जाहिरातींचा. गूगलने २००३ मध्ये ‘ॲडसेन्स’ ही योजना आणली आणि जाहिरातदार शोधत न हिंडताही, पानावरील मजकुराशी जुळणाऱ्या जाहिराती लहान संकेतस्थळांना आपोआप मिळू लागल्या. जाहिरातदाराने मोजलेल्या पैशातील सुमारे ६८ टक्के वाटा मालकाकडे येतो, परंतु खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत ती रक्कम हाती पडत नाही. दुसरा मार्ग ‘अफिलिएट’ दलालीचा. ॲमेझॉनने १९९६ मध्येच सुरू केलेल्या या पद्धतीत लेखातील दुव्यावरून वाचक दुकानाच्या पानावर गेला आणि त्याने वस्तू घेतली, तर किमतीचा ठरावीक हिस्सा दुवा देणाऱ्याला मिळतो. शिफारशीमागे असा आर्थिक संबंध असेल तर तो वाचकाला स्पष्ट सांगितला पाहिजे, हे नीतीला धरून आहेच; शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या भारतातील २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांचाही रोख तोच आहे.

वाचक येतो तो बहुतांशी शोधयंत्रातून, आणि या धंद्याचे बळ व दुबळेपण दोन्ही तेथेच आहे. नुसता ‘मिक्सर’ हा शब्द शोधणाऱ्यापुढे मोठी दुकाने आणि वृत्तपत्रे उभी असतात, परंतु कमी शक्तीच्या मिक्सरमध्ये ओले वाटण नीट होते का, असे विचारणाऱ्याला नेमके उत्तर देणारे पान क्वचितच सापडते. अशी शेकडो बारीक प्रश्नवाक्ये, ज्यांना या क्षेत्रात ‘कीवर्ड’ म्हणतात, हेरून त्यांची उत्तरे लिहिणे हे छोट्या संकेतस्थळाचे काम. इतर संकेतस्थळांनी एखाद्या पानाकडे दिलेले दुवे, म्हणजे ‘बॅकलिंक’, हे गूगलच्या क्रमवारीत विश्वासार्हतेचे एक माप मानले जाते. त्यामुळेच दुवे विकत घेण्याचा काळाबाजारही फार लवकर उभा राहिला.

या प्रकाराची ताकद दाखवणारे उदाहरण अमेरिकेतील पॅट फ्लिन यांचे आहे. वास्तुरचनेच्या कार्यालयात नोकरी करताना त्यांनी पर्यावरणस्नेही इमारतींविषयीच्या ‘लीड’ या परीक्षेचा अभ्यास केला आणि आपल्या टिपणांसाठी एक संकेतस्थळ तयार केले. २००८ च्या मंदीत नोकरी गेल्यावर, त्या टिपणांवर अनोळखी परीक्षार्थींची मोठी वर्दळ होत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. तेथे त्यांनी प्रथम जाहिराती लावल्या, मग अभ्यासाची पुस्तिका विक्रीस ठेवली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांना सात हजार डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले. ही कथा प्रेरणा म्हणून फार सांगितली जाते, परंतु तिच्यातील महत्त्वाची बाब बहुधा सुटते: ते संकेतस्थळ पैशासाठी काढलेले नव्हते आणि लेखकाने ती परीक्षा स्वतः दिलेली होती.

विक्रीचा बाजारही याच काळात संघटित झाला. मेलबर्न येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लिपा’वर संकेतस्थळे लिलावाने विकली जाऊ लागली, आणि पुढे मोठ्या व्यवहारांसाठी स्वतंत्र दलाल पेढ्या निघाल्या. किंमत ठरवण्याची रीत सोपी आहे: मागील सहा ते बारा महिन्यांतील सरासरी मासिक निव्वळ नफा काढून त्याला एका पटीने गुणतात, आणि ही पट विषय, संकेतस्थळाचे वय व वाचकांचे स्रोत पाहून साधारणपणे वीस ते चाळीसच्या दरम्यान धरली जाते. महिन्याला २०,००० रुपये उरत असतील आणि तिसाची पट मान्य झाली, तर सौदा ६ लाखांचा होतो. म्हणजे घेणाऱ्याचे पैसे फिटायला अडीच वर्षे लागतात, तीही उत्पन्न जसेच्या तसे टिकले तर. मोठ्या प्रमाणावर हेच गणित ‘वायरकटर’च्या बाबतीत दिसले. ब्रायन लॅम यांनी २०११ मध्ये सुरू केलेले, वस्तू प्रत्यक्ष तपासून शिफारस करणारे आणि दलालीवर चालणारे हे संकेतस्थळ ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१६ मध्ये सुमारे ३ कोटी डॉलरना घेतले.

लहान सौद्यांत मात्र फसवणुकीला भरपूर वाव असतो आणि भारतीय खरेदीदाराने येथे अतिशय सावध राहिले पाहिजे. उत्पन्नाच्या आकड्यांची पडद्यावरील चित्रे सहज बनावट करता येतात, म्हणून विक्रेत्याने आपल्या ॲडसेन्स व वाचकसंख्या मोजणाऱ्या ॲनालिटिक्स खात्यांची पाने समोर उघडून दाखवावीत, असा आग्रह धरावा. वाचकसंख्या शेवटच्या दोन महिन्यांतच फुगली असेल, किंवा संकेतस्थळाची भाषा जेथे बोलली जात नाही अशा देशातून बहुतेक वाचक येत असतील, तर वर्दळ विकत आणलेली असण्याचा संभव असतो. नाव जुने असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर त्याची पूर्वीची पाने पाहता येतात; कालपर्यंत जुगाराची जाहिरात करणारे नाव आज आरोग्याचा सल्ला देत असल्याचे तेथे उघड होऊ शकते. रक्कम थेट विक्रेत्याला देण्याऐवजी ‘एस्क्रो’ म्हणजे त्रयस्थ संस्थेकडे ठेवावी आणि नाव, पाने व त्यांचे परवलीचे शब्द ताब्यात आल्यावरच ती सोडावी.

इतकी काळजी घेऊनही शोधयंत्राने वा दुकानाने नियम बदलण्याची जी जोखीम उरते, ती सर्वांत मोठी आहे. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल करून उथळ मजकुराचे कारखाने खाली ढकलले आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ने विकतच्या दुव्यांवर घाव घातला. २०२० च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंवरील दलाली ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणली, तेव्हा विक्री तेवढीच राहूनही त्या विषयांतील उत्पन्न एका दिवसात निम्म्याच्या खाली आले. मार्च २०२४ मध्ये गूगलने घाऊक मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, आणि जुनी नावे घेऊन केलेली बनवाबनवी यांविरुद्ध नियम कडक केले; त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात शोधाच्या माथ्यावरच यंत्रनिर्मित उत्तर दिसू लागले, ज्यामुळे वाचकाला मूळ पानापर्यंत जाण्याची गरजच कमी झाली. या घडामोडींत वाईटाबरोबर चांगलेही भरडले गेले. हवा शुद्ध करणारी यंत्रे स्वतः तपासणाऱ्या ‘हाउसफ्रेश’ या छोट्या संकेतस्थळाने, मोठ्या नियतकालिकांच्या वरवरच्या शिफारशी आपल्या वर कशा दाखवल्या जातात, हे २०२४ मध्ये पुराव्यानिशी मांडले आणि गूगलवरून येणारे नव्वद टक्क्यांहून अधिक वाचक गमावल्याचेही जाहीर केले. प्रामाणिक कामालाही एकाच कंपनीच्या निर्णयावर जगावे लागावे, हा या व्यवसायातील खरा अन्याय आहे.

मराठीपुरते पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ॲडसेन्सने २०१८ मध्ये मराठी भाषेला मान्यता दिली, परंतु जाहिरातदार वाचकाच्या खरेदीशक्तीवर बोली लावत असल्यामुळे मराठी पानाचा दर अमेरिकी वाचकांच्या इंग्रजी पानाच्या मानाने फारच कमी असतो, आणि केवळ जाहिरातींवर विसंबलेले मराठी संकेतस्थळ चांगल्या भावाने विकले जाण्याची आशा धरणे व्यवहार्य नाही. उलट डाळिंबावरील तेल्या, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, सातबाऱ्यावरील वारसनोंद किंवा सहकारी गृहनिर्माण संस्थेचा कारभार अशा विषयांवर स्वानुभवाने लिहिलेली पाने थोडी आहेत, तर एकमेकांची उचललेली पाने असंख्य आहेत. ज्यांनी बाग राखली आहे, तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मारल्या आहेत किंवा संस्थेचे दप्तर सांभाळले आहे, त्यांनी नोकरी वा शेती न सोडता अशा एका विषयावर लिहायला सुरुवात करावी, वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने जपून ठेवावेत म्हणजे शोधयंत्र रुसले तरी वाचक तुटणार नाही, आणि पहिले वर्ष उत्पन्नाचा हिशेब मांडू नये.