घरगुती साहित्याची गतिमान खेळणी : काही गतिशास्त्रीय निरीक्षणे

मोहेंजोदडो येथील उत्खननात मान हलविणारा भाजक्या मातीचा एक बैल सापडलेला आहे. त्याचे डोके धडापासून सुटे असून दोऱ्याच्या साहाय्याने ते हालविता येत असे. गती दाखविणारे खेळणे या देशात किती जुने आहे याची त्यावरून कल्पना येते. परंतु अशा खेळण्यांचा विचार आजवर बहुतांशी पुरातत्त्व, लोककला अथवा बालशिक्षण या सदरांखाली झाला. पदव्युत्तर पदार्थविज्ञानाच्या वर्गात त्यांना क्वचितच प्रवेश मिळतो. याचे कारण उघड आहे. खेळणे चालते, आणि जे चालते त्याविषयी प्रश्न पडत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात खेळणी चालतात कशी याइतकेच ती कोठे अडतात याकडे लक्ष दिले आहे. कारण खेळण्याच्या रचनेतील अटी ते अडते तेथेच स्पष्ट होतात.

या विषयाला आपल्याकडे परंपरा नाही असे मात्र नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी देशातील गतिमान लोकखेळण्यांचा संग्रह करून त्यांवर १९८३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्यातील मोटारीच्या कारखान्यात काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता हे १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात दाखल झाले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी तेथे सांध्यांच्या आकृती रचल्या : त्रिकोण ताठ राहतो, चौकोन मात्र लवंडतो, हे त्या आकृती हाती घेताच कळते. पुढे पुण्यात आयुकाच्या आवारातील विज्ञान केंद्रात २००३ ते २०१४ या काळात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी सिद्ध केली. प्रस्तुत लेखातील तीनही खेळणी या सर्वपरिचित साठ्यातलीच आहेत.

पहिले खेळणे म्हणजे दोऱ्यावरची भिंगरी. कोटाचे मोठे बटण किंवा जाड लग्नपत्रिकेतून कापलेली वाटोळी चकती घ्यावी. मध्यबिंदूपासून समान अंतरावर, परस्परांपासून सुमारे अर्धा सेंटिमीटर दूर अशी दोन भोके पाडावीत. त्यांतून सुमारे दीड मीटर लांबीचा दोरा ओवून टोकांना गाठ मारावी व दोन्ही बाजूंचे फास दोन्ही हातांच्या बोटांत अडकवावेत. चकती मध्यभागी ठेवून थोडे वेटोळे द्यावे, आणि हात आलटून पालटून ओढावेत व सैल सोडावेत. चकती एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे अशी गुणगुणत फिरू लागते. पतंगाचा मांजा वापरू नये, बोट कापते.

येथे पहिला प्रश्न असा की, आरंभीचे वेटोळे कशासाठी? दोरा पूर्ण सरळ व समांतर असताना हातांनी कितीही जोर लावला तरी चकती हालत नाही. ताण दोऱ्याच्या दिशेने असतो. चकतीला फिरविणारे परिबल त्या ताणाच्या तिरप्या घटकातून येते, आणि पीळ शून्य असेल तर तिरपेपणाही शून्य. पीळ वाढतो तसे परिबल वाढते. म्हणजे ज्या क्षणी चकतीचा वेग सर्वाधिक असतो त्याच क्षणी हाताची तिच्यावरील सत्ता संपलेली असते. त्यापुढचे काम चकतीची निरूढी करते : ती थांबत नाही, दोऱ्याला उलट दिशेने पीळ घालते आणि हात परस्परांकडे खेचून घेते.

हात खेचले जात असताना चकती हातांवर कार्य करते. पीळ सुटत असताना हात चकतीवर कार्य करतात. दोन्ही वेळा जोर सारखाच ठेवला तर देवघेव फिटते आणि घर्षणाने खेळणे लवकरच मंदावते. पीळ सुटताना जोर अधिक व पीळ भरताना कमी ठेवला, तरच शिल्लक राहते. समजा, दोन्ही हात मिळून १० सेंटिमीटर दूर होतात आणि त्या काळातील सरासरी जोर परतीच्या जोरापेक्षा ५ न्यूटनांनी अधिक आहे. एका खेपेची निव्वळ देणगी ०.५ ज्यूल झाली. चकतीचे वजन २ ग्रॅम व त्रिज्या ५ सेंटिमीटर धरली, तर तिचे निरूढी परिबल २.५ × १०⁻⁶ किलोग्रॅम-मीटर वर्ग येते. ही सर्व ऊर्जा फिरण्यात गेली असे मानल्यास कोनीय वेग सेकंदाला सुमारे ६३० रेडियन, म्हणजे मिनिटाला सुमारे ६,००० फेरे होतो. एका ओढीचे हे फळ आहे. त्याच कागदाची चकती निम्म्या त्रिज्येची कापली, तर वजन चौथाई व निरूढी परिबल सोळावा हिस्सा होऊन तेवढ्याच ऊर्जेत वेग चौपट होईल.

प्रत्यक्षात हवा हे गणित फार काळ चालू देत नाही. जलद फिरणाऱ्या चकतीला हवेचा विरोध त्रिज्येच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेग हवा असेल तर चकती लहानच हवी. उलट चकती अतिशय हलकी झाली, तर सरळ दोऱ्याच्या क्षणानंतर उलटा पीळ भरण्याइतकी ऊर्जा तिच्यात उरत नाही, आणि खेळणे दोन-तीन खेपांत मरते. हातांचा ठेकाही चुकून चालत नाही. चकतीच्या उजव्या-डाव्या एका पूर्ण आवर्तनात हात दोनदा ओढावे लागतात. अर्थात् हातांची कंप्रता चकतीच्या दुप्पट असते. झोपाळ्यावर उभा राहून उठाबशा काढीत झोका वाढविणारे मूल हेच करते. पीळ भरत असताना चुकून जोर लावला की भिंगरी अडखळते. नवख्याचा हात नेमका येथेच चुकतो.

या खेळण्याला अलीकडे अनपेक्षित प्रतिष्ठा लाभली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश हे २०१३ साली युगांडात गेले असता एका आरोग्यकेंद्रात रक्त अलग करण्याचे महागडे केंद्रोत्सारक यंत्र दाराला अटकाव म्हणून ठेवलेले त्यांना दिसले, कारण तेथे वीज नव्हती. हाताने चालणारा केंद्रोत्सारक शोधताना त्यांच्या गटाने अनेक फिरती खेळणी तपासली व अखेर दोऱ्यावरची भिंगरी निवडली. साद भामला व मनू प्रकाश आदींचा याविषयीचा निबंध जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदी चकती, मासेमारीचा दोरा व हातात धरण्याच्या दोन मुठी यांच्या त्या साधनाचे वजन २ ग्रॅम आणि खर्च २० अमेरिकन सेंट होता. मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंतचा वेग त्यांनी नोंदविला. रक्तातील द्रव भाग दीड मिनिटाच्या आत, तर हिवतापाचे परजीवी सुमारे १५ मिनिटांत अलग करून दाखविले. यात विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, खेळण्यात त्यांनी नवा भाग कोणताच घातला नाही. पिळलेला दोरा स्वतःभोवती पुन्हा गुंडाळला जातो तेव्हा काय घडते, चकतीची कोणती त्रिज्या व कोणता दोरा एकमेकांस मानवतो, हे मात्र त्यांनी मोजून काढले. ते मोजमाप झाल्यावरच खेळण्याचे उपकरण झाले.

दुसरे खेळणे सोपे आहे. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यास झाकणात व बुडात मध्यभागी भोके पाडून आतून रबराचा पट्टा ताणून बसवावा. सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली कडी उत्तम चालते. पट्ट्याच्या मध्यभागी एखादे जड नट दोऱ्याने बांधून लोंबत ठेवावे. डबा जमिनीवर ढकलला की तो काही अंतर जातो, थांबतो आणि आपण होऊन परत येतो. डबा फिरतो पण नट खालीच राहतो. म्हणून रबराला पीळ बसतो, गतिज ऊर्जा तेथे साठते आणि परत मिळते. पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण येथे संपते. परंतु डबा जोरात ढकलला तर तो मध्येच दचकतो व परत येण्याची शक्ती गमावतो. कारण असे की, नटाचे वजन व पट्ट्यापासूनचे त्याचे अंतर यांचा गुणाकार ही त्याला खाली धरून ठेवणाऱ्या परिबलाची कमाल मर्यादा होय. रबराच्या पिळाचे परिबल तीहून अधिक झाले की नट उलटून गरकन फिरतो आणि साठा वाया जातो. शिवाय डबा गेला तितका कधीच परत येत नाही. जमिनीच्या घर्षणाचा त्यात वाटा आहेच. पण रबर पिळताना घेतलेली ऊर्जा सुटताना पूर्ण परत देत नाही, हाही आहे. स्थितिस्थापकतेतील या मंदायनाचा आलेख घरच्या डब्यावर काढता येतो : पिळांची संख्या मोजून प्रत्येक पिळास लागणारे परिबल लहान वजने टांगून मोजावे, व तसेच उलट क्रमाने करावे.

तिसरे खेळणे पाहणाऱ्यास सर्वांत गूढ वाटते. बांबूच्या काठीवर किंवा पेन्सिलीवर एका ओळीत आठदहा खाचा पाडून तिच्या टोकास टाचणी ठोकावी व टाचणीवर जाड कागदाची दोन पात्यांची फिरकी सैल बसवावी. दुसऱ्या काठीने खाचांवर जलद घासले की फिरकी फिरू लागते. घासणाऱ्या हाताचा अंगठा खाचांच्या काठीस एका बाजूने टेकविला तर ती एका दिशेने, आणि अंगठा उचलून तर्जनी दुसऱ्या बाजूने टेकविली तर विरुद्ध दिशेने फिरते. बघणाऱ्यास हा बदल दिसत नाही; म्हणून जादूच्या खेळात याचा उपयोग होतो.

खाचांमुळे काठी वरखाली कंप पावते, हे कोणीही सांगेल. पण सरळ रेषेतील कंपाने फिरकी का फिरावी? बोटाच्या बाजूच्या दाबामुळे आडव्या दिशेसही कंप निर्माण होतो आणि दोन्ही कंपांत कलेचा फरक पडतो. परस्परांशी काटकोनात असलेले, समान कंप्रतेचे व भिन्न कलेचे दोन कंप एकत्र आले की टाचणीचे टोक विवृत्ताकार मार्गाने फिरते. टाचणी स्वतःभोवती फिरत नाही, एवढे विसरता कामा नये. कमरेभोवती कडे फिरविणारी मुलगी जशी गिरकी घेत नाही, केवळ कंबर घुमविते, तसे हे आहे. फिरकीचे भोक घट्ट असेल तर टाचणीबरोबर ती केवळ हिंदकळते. बोट टेकविलेच नाही, तर फिरकी बहुधा थरथरते, किंवा कधी या तर कधी त्या दिशेने भरकटते. विवृत्ताकार कंपातून सतत भ्रमण मिळविण्याचे हेच तत्त्व कॅमेऱ्याच्या भिंगांत बसविलेल्या श्राव्यातीत मोटारींत वापरले जाते, तेथे मात्र खाचांचे काम विजेच्या दाबाने आकसणारे-पसरणारे स्फटिकद्रव्य करते.

या तिन्हींची मोजमापे साध्या साधनांनी होतात, पण त्यांतही एक सापळा आहे. भिंगरीवर शाईचा एक ठिपका देऊन सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने तिचे चित्रण केले, तर सेकंदाला १२० फेऱ्यांपर्यंतचाच वेग निःसंशय वाचता येतो. त्यापलीकडे ठिपका उलट्या दिशेने मंद फिरताना दिसतो. सेकंदाला बरोबर २४० फेऱ्या झाल्यास तो स्थिर दिसेल. वर काढलेला ६,००० फेऱ्यांचा वेग या मर्यादेच्या आत बसतो. निम्म्या त्रिज्येच्या चकतीचा चौपट वेग बसत नाही. तेथे चकतीला एक लहानसे तिसरे भोक पाडून तिच्या एका बाजूस दिवा व दुसऱ्या बाजूस प्रकाशसंवेदी घटक ठेवावा लागतो, आणि भोक पाडताच बिघडलेला तोल सावरण्यासाठी समोरच्या बाजूस तेवढ्याच अंतरावर तसेच आणखी एक. अशा वेळी प्रत्येक फेऱ्यात प्रकाशाचे दोन स्पंद येतात; नोंदलेली संख्या निम्मी करण्यास विसरू नये.