यवतमाळच्या रुईची अरुंद वाट

वऱ्हाडातील कापूस मुंबई बंदराकडे नेता यावा म्हणून किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा यवतमाळ–मूर्तिजापूर हा सुमारे 113 किलोमीटरचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आकाराला आला. पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या जिव्हाळ्याची झालेली ही गाडी आज मुख्यतः प्रवाशांच्या आठवणींत उरली असली, तरी तिचे मूळ गिऱ्हाईक यवतमाळ, दारव्हा आणि कारंजा येथील कापसाचा व्यापारी हेच होते.

जिनिंगमध्ये कापसातील सरकी वेगळी केल्यावर उरते ती रुई; ती सैल भरली तर डबा भरूनही वजन फारसे जात नाही, म्हणून प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात, आणि आजच्या प्रमाणानुसार अशी एक गाठ सुमारे 170 किलोची असते. व्यापाऱ्याने स्टेशनमास्तरकडे रिकाम्या वाघिणीची, म्हणजे मालडब्याची, मागणी नोंदवायची, गाठी मालधक्क्यावर आणून मोजून द्यायच्या आणि त्या बदल्यात रेल्वे पावती घ्यायची, अशी ही रीत होती. ती पावती दाखवूनच दूरच्या पेढीला माल सोडवून घेता येत असे. प्रवासी आणि माल एकत्र नेणाऱ्या मिश्र गाडीत इंजिन सुटे करून बाजूच्या रुळावरील भरलेली वाघीण ओढून आणायची आणि रिकामी तेथे ठेवायची, यालाच शंटिंग म्हणतात; ते होईपर्यंत प्रवासी डब्यात बसून राहत. लहान गावाच्या सोयीसाठी साऱ्या गाडीने थांबावे, ही गोष्ट आजच्या वेगाच्या हिशेबात बसत नाही, पण त्या गावाचा बाजार तिच्यावरच उभा होता.

खरी अडचण मूर्तिजापूरला येई. शकुंतलेच्या दोन रुळांतील अंतर 762 मिलिमीटर, तर मुंबईच्या मुख्य मार्गाचे 1676. त्यामुळे तीच वाघीण पुढे नेणे अशक्य होते आणि प्रत्येक गाठ हमालांना एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. खामगावला मात्र 1870 मध्येच रुंदमापी फाटा मिळालेला असल्याने तेथील रुईला ही उचलठेव नव्हती. अरुंद मार्ग बांधताना वाचलेला पैसा अखेर यवतमाळकडच्या व्यापाऱ्याच्या खर्चात आणि हमालाच्या पाठीवर येऊन पडला, असेच म्हणावे लागते. पुढे जिनच्या दारात गाठी भरून थेट मुंबईत उतरवणारा ट्रक आला, तेव्हा हीच उणीव सर्वाधिक भोवली. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत या मार्गावर धावले, त्यानंतर डिझेल आले. तरी रुळांचे माप तेच राहिले.

28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. तो रुंदमापी आहे, आणि मूर्तिजापूर त्याच्या वाटेवर नाही.