पित्ताशय किती रिकामं होतं?

तुपाचा घास लहान आतड्यात पोचला की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि पित्ताशय आकसून पित्त सोडतं. पित्ताशय किती रिकामं होतं ते पाहण्याच्या तपासणीत या संप्रेरकाचंच कृत्रिम रूप, सिंकलाइड, शिरेतून देतात. किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं किती पित्त बाहेर पडलं, हे गॅमा कॅमेऱ्यावर मोजतात. पण 'कमी' ठरवायचं कशावरून? औषध झपाट्यानं दिलं तर निरोगी माणसाच्याही पोटात कळ येते, आकडेही भलते येतात. म्हणून अमेरिकेत 60 निरोगी स्वयंसेवकांवर औषध 15, 30 आणि 60 मिनिटांत देण्याच्या पद्धती ताडून पाहिल्या. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 60 मिनिटांची पद्धत सर्वांत भरवशाची ठरली. तीत 38 टक्के किंवा अधिक म्हणजे नॉर्मल. आपल्या रिपोर्टवर औषध किती मिनिटं दिलं ते लिहिलंय का, जरूर पाहा.