गुणवत्ता पद्धती आणि जिल्हा परिषदेतील सेवकवर्ग

मागील घटकात आपण जिल्हा परिषदेची रचना अभ्यासली. त्या रचनेत प्रत्यक्ष काम करणारा ग्रामसेवक, कनिष्ठ सहायक, आरोग्य सेविका किंवा प्राथमिक शिक्षक निवडला कसा जातो आणि पुढील तीस वर्षे त्याचे मूल्यमापन कसे होते, हे आता पाहावयाचे आहे. आपल्यापैकी काहीजण या सेवेत असतील, तर काहीजण तिच्या जाहिरातीची वाट पाहत असतील.

नेमणूक, बढती आणि बदली यांचे निर्णय ओळख वा शिफारशीवर न ठरता पूर्वजाहीर निकषांवर ठरावेत, या व्यवस्थेस गुणवत्ता पद्धती म्हणतात. संविधानाच्या अनुच्छेद 16 मधील समान संधीचे तत्त्व हा तिचा आधार होय. अनुच्छेद 12 नुसार 'राज्य' या संज्ञेत स्थानिक प्राधिकरणांचाही समावेश होतो. म्हणून हे बंधन जिल्हा परिषदेवरही आहे. स्थानिक संस्थांच्या सेवा लोकसेवा आयोगाच्या कक्षेत आणण्याची मुभाही अनुच्छेद 321 ने विधिमंडळाला दिली आहे. महाराष्ट्रात मात्र वर्ग 3 ची भरती दीर्घकाळ जिल्हा स्तरावरील निवड समित्यांकडे राहिली.

स्थानिक पातळीवर ही पद्धती राबविणे अधिक अवघड असते. निवड करणारा, उमेदवार आणि शब्द टाकणारा हे तिघेही पुष्कळदा एकाच तालुक्यातील असतात. म्हणूनच सुधारणेचा रोख परीक्षा जिल्ह्याबाहेर नेण्यावर राहिला. 2023 मध्ये 34 जिल्हा परिषदांतील 19,460 पदांसाठी एकाच वेळी जाहिराती निघाल्या आणि संगणकीकृत परीक्षेचे काम आयबीपीएस या बाहेरील संस्थेकडे सोपविण्यात आले. यामुळे शिफारशीला वाव कमी झाला, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यापूर्वीचा प्रसंगही विसरता येत नाही. मार्च 2019 च्या जाहिरातींवरील भरती रखडत गेली आणि अखेर 2022 मध्ये ती रद्द झाली. उमेदवारांचे शुल्क परत करता आले, वय नाही. 2023 मध्ये शासनाने कमाल वयोमर्यादेत दोन वर्षांची सवलत दिली, ती या विलंबाची एक प्रकारे कबुलीच होती.

प्रवेशानंतरच्या गुणवत्तेची नोंद गोपनीय अहवालात होते. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा 2008 मधील देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा निर्णय अभ्यासावा. तो केंद्रीय सेवेतील अभियंत्यासंबंधी असला, तरी त्यातील तत्त्व सर्व लोकसेवकांना उपयोगी आहे. बढतीसाठी 'अतिशय चांगला' हा शेरा आवश्यक होता. त्यांना एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला आणि तो कळविलाच गेला नाही. वरवर पाहता शेरा प्रतिकूल नव्हता, तरीही बढती अडली. प्रत्येक शेरा संबंधितास कळविला पाहिजे व त्याविरुद्ध म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले.

बदलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्राथमिक शिक्षकांसाठी 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने संगणकीय बदली पद्धती आणली. शाळांची विभागणी सर्वसाधारण व अवघड क्षेत्रांत झाली. दुर्धर आजार, अपंगत्व, पती-पत्नी एकत्रीकरण आणि अवघड क्षेत्रातील सेवा यांना निश्चित प्राधान्य मिळाले. डोंगरावरील शाळेत वर्षानुवर्षे राहिलेल्या शिक्षकाला खाली येण्यासाठी कोणाच्या दारी जावे लागू नये, एवढे तरी त्यातून साधले. तथापि येथे एक भेद लक्षात घ्या. हे निकष न्याय्य आहेत, पण ते अध्यापनाचा दर्जा मोजत नाहीत. उत्तम शिकविणारा आणि केवळ हजेरी लावणारा या दोघांचे स्थान यादीत सेवाकाल व अडचण यांवरच ठरते. निःपक्षपातीपणा आणि गुणवत्ता या दोन संकल्पना अभ्यासक्रमात आपण अनेकदा एकत्र वाचतो. उत्तर लिहिताना त्या वेगळ्या ठेवाव्यात.

स्वाध्याय : आपल्या परिचयातील एखाद्या जिल्हा परिषद कर्मचाऱ्यास भेटा. गेल्या तीन वर्षांतील गोपनीय अहवालाची प्रत त्यांना मिळाली का, व शेऱ्याबाबत कोणी त्यांच्याशी चर्चा केली का, हे विचारून दहा ओळींत नोंद करा.