शाळा सर्वांची: कॅमडेनचा अनुभव आणि आपला वाटा



इंग्लंडमध्ये शाळेचे नवे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. बहुतेक वर्षी त्याच सुमारास आपल्याकडे गणपती बसतात. विद्येच्या दैवताची आरती आणि नातवंडांची नवी दप्तरे घरात एकदमच येतात. म्हणून या अंकात शाळांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले लंडनच्या सरकारी शाळांत शिकली. आता नातवंडेही तिथेच जातात. (या देशात ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे मोठ्या फीची खासगी शाळा. आपण ज्या शाळांबद्दल बोलत आहोत त्या बिनफीच्या, सरकारी खर्चाने चालणाऱ्या.) मुलांचे निकाल चांगले लागले की आपण पेढे वाटतो. पण या शाळा सुधारल्या कशा, त्यासाठी कोण कोण एकत्र आले, आणि त्यात आपल्याला जागा आहे का, हे आपल्यात फारसे बोलले जात नाही. आज या शाळांपुढे नवी अडचण उभी आहे, तेव्हा ते बोलायला हवे.

एक काळ असाही होता

कॅमडेन बरो 1965 साली हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पॅनक्रस हे तीन जुने भाग जोडून तयार झाला. त्या वेळी मध्य लंडनच्या सगळ्या शाळा एकाच मोठ्या शिक्षण मंडळाच्या ताब्यात होत्या. ते मंडळ बंद झाले आणि 1 एप्रिल 1990 पासून शाळांची जबाबदारी प्रत्येक बरोच्या कौन्सिलकडे आली.

नव्वदच्या दशकात आणि 2000 सालाच्या आसपास लंडनच्या सेकंडरी शाळांचे नाव फारसे चांगले नव्हते. शिक्षक टिकत नसत. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत लंडन देशाच्या मागे होते. ज्यांना परवडे ते मुलांना खासगी शाळेत घालत किंवा घर विकून लंडनबाहेर जात. आपल्यातल्या काही कुटुंबांनी हॅरो, पिनरच्या बाजूला घरे घेतली, त्यामागे शाळा हेही एक कारण होतेच.

लंडन चॅलेंज: शिक्षेऐवजी साथ

2003 साली सरकारने ‘लंडन चॅलेंज’ नावाचा उपक्रम सुरू केला. तो 2011 पर्यंत चालला. त्याचे पहिले प्रमुख सल्लागार होते टिम ब्रिगहाउस. त्याआधी 1993 ते 2002 त्यांनी बर्मिंगहॅमच्या शाळांचा कारभार पाहिला होता. शिक्षकांना स्वतःच्या हाताने कौतुकाच्या चिठ्ठ्या लिहिणारा अधिकारी म्हणून त्यांची ख्याती होती. डिसेंबर 2023 मध्ये त्यांचे निधन झाले.

या उपक्रमाची पद्धत साधी होती. एक, ज्या शाळांत गरिबी, भाषा आणि मुलांची आधीची तयारी सारखी होती, अशा शाळांचे गट केले आणि त्यांना ‘शाळांची कुटुंबे’ म्हटले. त्यामुळे ‘आमच्याकडची मुलेच वेगळी, आम्ही काय करणार’ ही सबब उरली नाही. तशाच मुलांना घेऊन गटातली दुसरी शाळा पुढे गेलेली दिसत असे, मग तिच्याकडे जाऊन पाहावे, विचारावे. दोन, अडचणीतल्या शाळेला ‘नापास’ असा शिक्का मारून सोडून देण्याऐवजी अनुभवी हेडटीचरला तिच्या मदतीला दिले. तीन, शिकवणारे शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन बसू लागले. दुसऱ्याचा वर्ग पाहून आपला सुधारणे ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या शिक्षकांना नवी वाटणार नाही.

पुढच्या काही वर्षांत लंडन जीसीएसईमध्ये देशाच्या पुढे गेले. गरीब घरांतल्या मुलांची प्रगती विशेष होती. याचे सगळे श्रेय एकट्या लंडन चॅलेंजला द्यायला मात्र अभ्यासक तयार नाहीत. काहींच्या मते प्रायमरी शाळांतली सुधारणा आधीच सुरू झाली होती आणि ती मुले वर गेल्यावर निकाल बदलले. काहींच्या मते बाहेरून आलेल्या कुटुंबांची शिकण्याची जिद्द हेही मोठे कारण आहे. म्हणजे घरात ‘अभ्यास झाला का?’ असे रोज विचारणाऱ्या आजीचाही त्यात वाटा आहे!

कॅमडेनने पुढे काय केले

2011 साली तो उपक्रम थांबला. त्याच सुमारास देशभरातल्या अनेक शाळा कौन्सिलपासून वेगळ्या होऊन ‘अकॅडमी’ बनू लागल्या. कॅमडेनमधल्या बहुतेक शाळा मात्र कौन्सिलबरोबरच राहिल्या. 2017 साली शाळा आणि कौन्सिल यांनी मिळून ‘कॅमडेन लर्निंग’ ही ना-नफा संस्था उभी केली. तिची सूत्रे शाळांच्याच हाती आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर ही शाळांची सहकारी संस्था. साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या मराठी माणसाला ही कल्पना चटकन समजेल. एकट्याला जे झेपत नाही ते दहाजणांनी मिळून करायचे, आणि कारभार सभासदांच्याच हाती ठेवायचा.

शिक्षकांचे प्रशिक्षण, नव्या हेडटीचरला जुन्याचा आधार, एका शाळेत जमलेली गोष्ट दुसऱ्या शाळेपर्यंत नेणे अशी कामे ती करते. शेजारची शाळा ही स्पर्धक न राहता सोबती व्हावी, हा त्यामागचा विचार आहे.

शाळांबाहेरचे लोकही यात आहेत. किंग्ज क्रॉस आणि सेंट पॅनक्रसच्या आसपास ब्रिटिश लायब्ररी आहे, 2016 साली उघडलेली फ्रान्सिस क्रिक ही वैद्यकीय संशोधन संस्था आहे, गूगलची कचेरी आहे. इतक्या मोठ्या संस्थांच्या सावलीत कौन्सिलच्या घरांत वाढणारी मुले त्यांच्या दारातही कधी पाऊल ठेवत नसत. आता विज्ञान, तंत्रज्ञान, कला आणि गणित यांची सांगड घालणाऱ्या कॅमडेनच्या उपक्रमातून या संस्था आणि कंपन्या मुलांना कामाची ओळख करून देतात. क्रिक संस्था परिसरातल्या शाळांतल्या मुलांना प्रयोगशाळेत बोलावते.

आपल्यालाही हे नवे नाही

याच बरोमध्ये, प्रिमरोज हिलजवळच्या 10 किंग हेन्रीज रोड या घरात 1921-22 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. त्यांच्या त्या शिक्षणामागे स्वतःची साठवलेली पुंजी होती, तसाच मित्र नवल भथेना यांचा आणि राजर्षी शाहू महाराजांचा आधारही होता. 2015 साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. नसेल तर नातवंडांना घेऊन जरूर जावे.

याच भागात 1934 पासून 1947 पर्यंत व्ही. के. कृष्ण मेनन सेंट पॅनक्रस कौन्सिलचे निवडून आलेले सभासद होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत गुंतलेला हा माणूस इथल्या मुलांच्या वाचनालयांसाठीही झटत होता. परक्या देशात राहूनही गल्लीतल्या मुलांचे काम आपले मानता येते, याचे हे उदाहरण.

आणि सातारकरांना तर कर्मवीर भाऊराव पाटील वेगळे सांगायला नकोत. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवले जाई. त्याला मुष्टिफंड म्हणत. ज्या बाईकडे द्यायला पैसा नव्हता तिचाही त्या शाळेत मुठीएवढा वाटा होता.

आजची अडचण

आता कॅमडेनमध्ये मुलेच कमी होत आहेत. जन्मदर घटला, घरांची भाडी आवाक्याबाहेर गेली, तरुण कुटुंबे लंडन सोडून चालली. आतल्या लंडनमधल्या बहुतेक बरोंची हीच कथा आहे. काही प्रायमरी शाळा बंद कराव्या लागल्या, काही दुसऱ्या शाळेत विलीन झाल्या.

शाळेचे बहुतेक पैसे मुलांच्या डोक्यावर मिळतात आणि त्यासाठी ऑक्टोबरमध्ये मुलांची मोजणी होते. समजा तीस मुलांच्या वर्गात वीसच मुले आली, तर मुलांमागे येणारी एक तृतीयांश रक्कम कमी झाली. पण शिक्षकाचा पगार, हीटिंगचे बिल आणि छपराची डागडुजी तेवढीच राहते. मग काटछाट कुठे होते? वर्गातल्या मदतनिसांत, वाचनालयात, संगीतात, सहलीत. म्हणजे ज्या मुलाला घरी कोणी वाचून दाखवत नाही, त्याच्याजवळ बसणारे माणूस सगळ्यात आधी जाते.

ही उणीव पैशाने भरायला कौन्सिल आणि सरकार यांनाच पुढे यावे लागेल. पण शेजारी बसून ऐकणारे माणूस आपण देऊ शकतो. आपल्या मंदिरात शिक्षक, हिशेबनीस, परिचारिका, इंजिनिअर म्हणून तीस-तीस वर्षे काम केलेले निवृत्त सभासद आहेत. त्यांतले कितीतरी जण सांगतात की आठवडा जाता जात नाही.

आपण काय करू शकतो

1. वाचन ऐकणे. आठवड्यातून थोडा वेळ शाळेत जाऊन एका मुलाचे वाचन ऐकायचे. उच्चार इंग्रजांसारखा असायलाच हवा असे नाही, धीर हवा. कॅमडेनमधल्याच ब्रन्सविक स्क्वेअर येथील कोरम या जुन्या बालसेवी संस्थेची एक शाखा अशा स्वयंसेवकांना तयार करते. त्याआधी पोलीस नोंदींची तपासणी, म्हणजे डीबीएस, करावी लागते. स्वयंसेवकांना तिची फी पडत नाही. फ्रीडम पासवर सकाळी नऊनंतर प्रवास फुकट, म्हणजे भाड्याचाही प्रश्न नाही.

2. शाळेचे गव्हर्नर होणे. प्रत्येक सरकारी शाळेवर गव्हर्नरांचे मंडळ असते. आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीसारखे ते समजा, पण याचे अधिकार मोठे आहेत. हेडटीचरची नेमणूक, खर्चावर देखरेख आणि शाळेची दिशा ठरवणे ही त्याची कामे. मुदत साधारण चार वर्षे. मानधन नसते. आपले मूल त्या शाळेत असण्याची अट नाही, पालकांच्या जागा वेगळ्या असतात. हिशेब तपासण्याचा अनुभव असलेल्यांची शाळांना फार गरज असते.

3. धर्मशिक्षणाच्या मंडळात आवाज. शाळांत शिकवल्या जाणाऱ्या धर्माच्या विषयावर सल्ला देण्यासाठी प्रत्येक कौन्सिलला कायद्याने एक मंडळ ठेवावे लागते. त्यात त्या भागातल्या निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना स्थान असते. ‘पुस्तकात आपल्या सणांबद्दल चुकीचे छापले आहे’ अशी घरी कुरकुर करण्यापेक्षा तिथे जाऊन नीट सांगितलेले बरे. शाळेची मुले मंदिर पाहायला येतात तेव्हा त्यांना समजावून सांगणारे चार जण तयार असणे, हीसुद्धा मोठी सेवा आहे.

4. तरुण पालकांना एक आठवण. लंडनमध्ये सप्टेंबर 2023 पासून सरकारी प्रायमरीतल्या सर्व मुलांना दुपारचे जेवण मोफत मिळते. त्यामुळे कमी उत्पन्नाची कुटुंबे वेगळा अर्ज करत नाहीत. पण कमी उत्पन्नामुळे मोफत जेवणाला पात्र असल्याची नोंद झाली, तर शाळेला त्या मुलासाठी ‘प्युपिल प्रीमियम’ म्हणून वर्षाला हजार पौंडांहून अधिक जादा रक्कम मिळते. प्रायमरीच्या मुलामागे ही रक्कम एकदा नोंद झाल्यावर पुढे काही वर्षे चालू राहते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, वर्गातल्या इतर मुलांना कळतही नाही. ओळखीत असे कुटुंब असेल, तर शाळेच्या कार्यालयात चौकशी करायला सांगा. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर मंदिरात या.

5. विद्यादान पेटी. युनिफॉर्म, बूट आणि हिवाळ्याचा कोट यांचा खर्च काही घरांना झेपत नाही. सभामंडपात ठेवलेल्या पेटीतली रक्कम शाळांमार्फत अशा मुलांपर्यंत पोहोचवली जाईल. मूल कोणत्या धर्माचे, कोणत्या देशाचे हे विचारले जाणार नाही. इथे कर भरणाऱ्यांनी गिफ्ट एडचा फॉर्म भरला तर प्रत्येक पौंडामागे सरकारकडून 25 पेन्स जादा मिळतात.

ज्यांना यांपैकी काही करावेसे वाटते त्यांनी आरतीनंतर कार्यालयात नाव द्यावे. इंग्रजी फॉर्मची धास्ती वाटत असेल, तर आपले तरुण कार्यकर्ते शेजारी बसून तो भरून देतील. प्रकृतीमुळे बाहेर पडता येत नसेल, तर घरच्या नातवंडाचे वाचन रोज दहा मिनिटे ऐकावे. तीही याच कामातली सेवा आहे.

अन्नदानाला आपण कधी कमी पडलो नाही. विद्यादानालाही पडू नये, ही विनंती. ज्याला पैसा देता येतो त्याने पैसा द्यावा, ज्याला वेळ देता येतो त्याने वेळ द्यावा. मूठभर असला तरी चालेल.

गणरायाची कृपा सर्वांवर राहो.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ