श्रमजन्य धाप

सपाट रस्त्याने चालणे, एक मजला चढणे, अंघोळ करणे अशा एरवी सहज होणाऱ्या हालचालींत श्वास अपुरा पडत असल्याची जाणीव होणे, याला श्रमजन्य धाप म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. 'दम' आणि 'दमा' या शब्दांच्या जवळिकीमुळे दम लागणाऱ्या प्रत्येकाला दमा आहे, असा समज होतो. वस्तुतः दमा हे अनेक कारणांपैकी एक होय.

फुप्फुसांची कारणे

दम्यात श्वासनलिका वेळोवेळी आकुंचन पावतात. धूम्रपानाने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीत त्या कायमच्या अरुंद होतात व धाप हळूहळू वाढत जाते. क्षयरोग बरा झाल्यावर राहिलेले व्रणही कारण ठरतात.

रक्तक्षय

सर्वांत दुर्लक्षित कारण बहुधा हेच. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. हिमोग्लोबिन १४ वरून ७ ग्रॅमवर आले की रक्ताची वहनक्षमता निम्मी होते. विश्रांतीत हृदय जलद चालून ही तूट भरून काढते. जिना चढताना मात्र राखीव शक्ती उरत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवे ठरते. असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के प्राणवायूने भरले आहे एवढेच ते सांगते. हिमोग्लोबिन किती आहे हे नव्हे. त्यामुळे ९८ टक्के वाचन दिसूनही रक्तक्षय तीव्र असू शकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. बहुतेकींचा तो सौम्य किंवा मध्यम असतो. तूट सावकाश वाढते तेव्हा शरीर तिला सरावते. पाण्याची कळशी अर्ध्या वाटेत टेकवणे, जिन्यात थांबणे या गोष्टी अंगवळणी पडतात आणि कोणी विचारलेच तर 'वय झाले' असे उत्तर मिळते. लोहाची कमतरता रक्ततपासणीत समजते व गोळ्यांनी बहुधा भरून निघते. मात्र अतिस्राव, मूळव्याध, जंत किंवा जठरातील व्रण यांतून रक्त जात असल्यास तोही उपचार व्हावा लागतो.

हृदयाची कारणे

दुर्बल हृदयामागे रक्त तुंबून फुप्फुसांत द्रव साचतो. अशा रुग्णास उताणे झोपल्यावर धाप वाढते, उशा वाढवाव्या लागतात, पायांना सूज येते. बालपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने अरुंद झालेली हृदयाची झडप अनेकदा गर्भारपणातच प्रथम उघडकीस येते. मधुमेहींमध्ये हृदयविकार छातीत न दुखता केवळ धापेच्या रूपानेही प्रकटतो.

याखेरीज स्थूलता, व्यायामाचा अभाव, थायरॉईडचे विकार आणि चिंता हीही कारणे आहेत. चिंतेचे निदान इतर कारणे तपासल्यानंतरच करावे.

तातडीची लक्षणे

अचानक सुरू झालेली धाप, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, शुद्ध हरपणे किंवा एकाच पायाला सूज येऊन दम लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.